पोहरादेवीला गेलेली माय

खोटंच सांगायचं होतं तर घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसून निदान एकच काहीतरी ठरवायचं. तेवढंही त्यांना जमलं नाही. माझी भावजय मानमोडीच्या तापात गेली, तेव्हा तिच्या दोन पोरींना माझ्या चुलतीने सांगितलं की माय पोहरादेवीला नवस फेडायला गेली. शेजारणीने सांगितलं की माय तिच्या माहेरी गेली. मग माहेरून भावजयीचा भाऊ भेटायला आला, आणि त्याने धाकटीला मांडीवर घेऊन सांगितलं की माय देवाघरी पाहुणी गेली आहे, देव तिला लवकर सोडत नाही. पोरींच्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने, काहीच सांगितलं नाही. धाकटीला तेव्हा पाचवं वर्ष लागलं होतं. एक माय एकाच वेळी तीन ठिकाणी कशी गेली, हे तिने मला विचारलं. मी चुलीत फुंकर घालत होते.

आमचा मळा कारंज्याच्या शिवेबाहेर होता. एक विहीर, तिच्यावर मोट, वांगी, मिरच्या, कांदे, मेथी, आणि बांधाच्या कडेला सीताफळाची झाडं. घर मळ्यातच. माझं सासर शेलूबाजारचं, लग्नाला तीन वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी दसऱ्याला मी माहेरी आले. आई-वडील आधीच गेलेले, त्यामुळे माहेर म्हणजे भाऊ आणि भावजय. भावजय माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिने मला वेणी घालायला शिकवलं आणि सासूला उलट न बोलता आपलंच कसं करायचं तेही शिकवलं. तिच्याविषयी याहून जास्त लिहीत नाही, कारण मग बाकीचं लिहून होणार नाही.

विलायतेतली लढाई संपत आली होती म्हणे. ताप कुठून आला ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आगगाडीने आला असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही असेल, कारण आधी स्टेशनाजवळची घरं आजारी पडली, मग कापसाचा बाजार. ऐन हंगामात कापसाच्या गाड्या भरून उभ्या आणि तोलायला माणूस नाही. ताप आला की अंग मोडायचं, मान लुळी पडायची, म्हणून मानमोडी. घरात सगळेच एकदम आडवे व्हायचे, त्यामुळे पाणी द्यायलाही कुणी उरत नसे. आमच्या घरात आधी मी पडले. भावजयीने माझं केलं. मग थोरली पडली, मग ती स्वतः.

ती गेली तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. मला उठून बसता आलं तेव्हा तिची बाज ओसरीत उभी करून ठेवली होती, खालची जमीन नुकती सारवलेली होती, आणि चुलीपाशी माझी चुलती बसली होती. ती तिच्या गावाहून आली होती. भावजय कुठे आहे हे मी विचारलं नाही. सारवलेल्या जमिनीवरून कळलं.

पुढचं भावाने सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. सरण रचायला गावात लाकूड मिळालं नाही. खांदा द्यायला कुणी आलं नाही; येणार कुठून, प्रत्येकाच्या घरी तेच. आमच्याकडून भाजी नेऊन कारंज्यात विकणारा एक बागवान होता, पोरी त्याला चाचा म्हणत. त्याची बायको त्याच आठवड्यात गेली होती. तो मळ्यात आला होता तो भाजी न्यायला नाही, कुणी जिवंत आहे का ते बघायला. त्याने आणि भावाने मिळून सीताफळाच्या झाडांपाशी खड्डा खणला आणि तिला तिथे मूठमाती दिली.

हे सांगून झाल्यावर भाऊ म्हणाला, “पोरीइले काई सांगू नोको. लहान हायेत.”

मी म्हटलं, “किती दिवस?”

तो उठून मोटेवर गेला.

आता भाऊ मोटेवर गेला हे वाक्य मला पुढे इतक्या वेळा लिहावं लागेल की वाचणाऱ्याला कंटाळा येईल. मलाही तेव्हा आला होता. पोरींपैकी कुणी मायचं नाव काढलं की तो उठायचा, बैल जुंपायचा आणि पाणी काढत बसायचा. बैल खंगले. गरजेपेक्षा दुप्पट पाणी पिऊन त्या हिवाळ्यात कांद्याचा वाफाच्या वाफा सडला. चुलती म्हणायची, बिचारा दुःख गिळून कामात बुडाला आहे. मला ते पटत नव्हतं. दुःख गिळायचं असेल तर गिळ बाबा, पण दोन पोरी ओसरीत बसून तुझ्या तोंडाकडे बघताहेत, त्यांना तुझी कांद्याहून जास्त गरज आहे.

धाकटी दिवसभर विचारायची. मी भाकरी थापताना, निंदण करताना, केस विंचरताना, अंगावर पाणी घेताना दाराबाहेर उभी राहून. “माय कवा येते?” प्रत्येक वेळी तेच शब्द, तोच सूर. पहिले काही दिवस मी हातातलं काम टाकून तिला जवळ घ्यायची. पुढे कान किटले. मी खोटं सांगायचं नाही असं ठरवलं होतं आणि खरं सांगायला बंदी होती, म्हणून मी तिला म्हणायची, “तुह्या बापाले इचार.” ती धावत बापाकडे जायची. बाप मोटेवर जायचा. ती परत माझ्याकडे यायची. असं आमचं तिघांचं चक्र चालू राहायचं, आणि मध्ये चुलती बसून धान्य पाखडत म्हणायची की पोरगी हट्टी आहे, दुर्लक्ष करा, विसरेल.

ती विसरली नाही. ती प्रत्येक जेवणातली अर्धी भाकरी मायसाठी टोपल्याखाली ठेवायला लागली. पोहरादेवीहून चालत येणार म्हणजे भूक लागणारच, हा तिचा हिशेब, आणि हिशेबात काहीही चूक नव्हती. टोपल्याला मुंग्या लागल्या. चुलतीने भाकऱ्या गाईला घातल्या आणि पोरीला धपाटा दिला. एकीकडे माय यात्रेला गेली म्हणायचं आणि दुसरीकडे तिच्या भाकरीसाठी पोरीला मारायचं, यात काही विसंगत आहे असं त्या बाईला वाटत नव्हतं.

थोरलीचं वेगळंच. थोरली आठ वर्षांची. ती तापातून उठली ती एकदम शहाणी होऊन उठली. एक प्रश्न नाही, डोळ्यांत पाणी नाही. सकाळी अंगण झाडायची, धाकटीचं नाक पुसायची, बापाला मोटेवर भाकरी नेऊन द्यायची, आणि धाकटी “माय कवा येते” म्हणाली की तीच चटकन म्हणायची, “येईन वं, यात्रा संपली का येईन.” येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायच्या, किती समजदार पोर, देवानं हिला केवढी बुद्धी दिली. चुलती तर तिचं कौतुक करताना थकत नसे. मला ती पोरगी बघून अस्वस्थ व्हायचं. हातात झाडू घेऊन ती सासुरवाशिणीसारखी वाकून झाडत असायची. तिला खेळायला जा म्हटलं तर ती म्हणायची, “काम पडलं हाये, आत्या.” आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडात हे वाक्य शोभत नाही. मी तसं चुलतीला म्हटलं. ती म्हणाली, तुला काय कळतं, तुला कुठे लेकरं आहेत.

मधल्या काळात माझा नवरा मला न्यायला येऊन गेला. मी म्हटलं, या घरात एक माणूस मोटेवर असतो, एक खोटं बोलतं आणि दोन पोरी आहेत; मी कशी येऊ. तो समजूतदार होता. राहा म्हणाला, सासूला मी बघतो. सासू मात्र शेलूबाजारहून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाबरोबर निरोप धाडायची की आता पुरे. त्या गाडीवानांनाही मी जेवायला वाढायची आणि निरोप परत पाठवायची.

आणि संक्रांत होते न होते तोच भावाच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी निघाली. भावजयीचा भाऊच स्थळ घेऊन आला. पोरींना माय पाहिजे, हे सगळ्यांचं म्हणणं. ज्या पोरींना माय मेली हे अजून कुणी सांगितलं नाही, त्यांच्यासाठी नवी माय आणायची. मी विचारलं की नवी आल्यावर धाकटीला काय सांगणार, पोहरादेवीला गेलेली माय बदलून आली म्हणून? कुणी हसलं नाही. मला म्हणाले, तू मधात पडू नको.

चैत्र आला. रामनवमीच्या आधी आमच्या बांधावरच्या रस्त्याने पोहरादेवीच्या गाड्या सुरू झाल्या. बंजाऱ्यांची कुटुंबंच्या कुटुंबं, बायकांच्या घागऱ्यांवरचे आरसे उन्हात चमकताना दुरून दिसायचे. दरवर्षीच जायच्या. पण त्या वर्षी बांधावर एक पोर उभी राहून प्रत्येक गाडीला विचारत होती, कुठी चालले. आणि प्रत्येक गाडीतून खरं उत्तर येत होतं, पोहरादेवीले. सहा महिन्यांत तिला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर.

दुपारी मी मिरच्या तोडून आले तर ती नव्हती.

आधी वाटलं कुठेतरी झोपली असेल. मग घर पाहिलं, गोठा पाहिला, वांग्याच्या ओळी पाहिल्या. मग विहीर. भावाने विहिरीत गळ टाकला. मी काठावर उभी होते आणि गळ वर येताना दर वेळी डोळे मिटत होते. शेजारच्या मळ्यांतले लोक धावून आले. मानमोडीत ज्यांना येता आलं नव्हतं ते सगळे आता आले, आणि प्रत्येकजण वेगवेगळ्या दिशेला पळाला. थोरली एकटीच ओसरीत खांबाला धरून उभी होती. तिला विचारलं, तू पाहिलीस का, तर तिने नाही म्हणून मान हलवली. तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. तो दिवस गेला आणि रात्रही गेली. ती कशी गेली ते लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत बागवान चाचाची गाडी आली आणि धाकटी तिच्यात पुढे बसलेली होती. हातात गुळाचा खडा, गालावर धुळीचे ओघळ, डोळ्यांत सगळ्यांवरचा राग. झालं होतं ते असं. मागे जागा रिकामी असलेल्या एका गाडीत ती चढली होती. पुढच्या लोकांना वाटलं मागच्या गाडीतली पोर आहे, मागच्यांना वाटलं पुढची. संध्याकाळी ओढ्यावर मुक्काम पडला तेव्हा कळलं की ती कुणाचीच नाही. त्या बायकांनी तिला जेवू घातलं, पांघरूण दिलं. चाचा मानोऱ्याकडून परतताना पहाटे त्याच ओढ्यावर बैलांना पाणी पाजायला थांबला आणि त्याने तिला ओळखलं. ती त्याच्याबरोबर यायला तयार नव्हती. तिला पुढे जायचं होतं. त्याने तिला उचलून गाडीत घातलं तेव्हा तिने त्याचा हात चावला. दात उमटलेले त्याने आम्हाला दाखवले.

भावाने तिला छातीशी धरलं. ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, “आत्या, माय तिथंच होती. चाचानं अर्ध्यातूनच गाडी फिरवली.”

चाचा भावाला बाजूला घेऊन म्हणाला, “भाऊ, सांगा पोरीले. मी मह्या पोराइले सांगतलं. रडले, मंग जेवले.”

एवढं सरळ होतं ते. त्याच्या घरी रडले आणि मग जेवले. आमच्या घरी सहा महिने कुणी रडलंही नव्हतं आणि कुणी धड जेवलंही नव्हतं.

मला वाटलं आता तरी. पण चुलतीने धाकटीला जवळ ओढलं, तिचे केस मागे सारले आणि म्हणाली, “चुकामूक झाली वं बाई. माय दुसऱ्या वाटेनं येऊन राह्यली. दोन दिवस थांब.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात थोरली ओरडली. त्या पोरीचा तसा आवाज आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता.

“थे नाई येत. थे मेली. सीताफळाच्या झाडाखाली पुरली तिले. बानं अन् चाचानं. म्या पाह्यलं.”

अंगणात सगळे उभेच्या उभे राहिले. शेजारपाजारचे होते, चाचा होता. थोरली थांबली नाही. तापात ती आतल्या खोलीत पडली होती तेव्हा दाराच्या फटीतून तिने मायला उचलताना पाहिलं होतं, आणि मग भिंत धरून मागच्या दारापर्यंत जाऊन खणतानाही पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी चुलती आली आणि तिला सांगितलं की माय पोहरादेवीला गेली. तिला वाटलं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे आणि आपल्यालाही ते सांभाळायचं आहे. लहानीला कळलं तर लहानीही मरेल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून ती सहा महिने रोज “येईन वं” म्हणत होती, आणि मोटेवर भाकरी घेऊन जाताना रोज त्या झाडांजवळून जात होती. आणि आम्ही सगळे तिला समजदार म्हणत होतो.

धाकटीने बापाकडे पाहिलं. “बा, मेली?”

भाऊ वळला. बैल गोठ्यात होते आणि तो गोठ्याकडेच निघाला. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. भावापुढे असं उभं राहायचं आमच्यात नव्हतं, आणि तेही चार लोकांत. पण माझ्यात आता धीर शिल्लक नव्हता.

“भाऊ, आता मोटेवर गेला तं मी या दोघी घेऊन शेलूबाजारले चालली,” मी म्हटलं. “मंग बैलाइले सांगत बस.”

मला वाटलं मारतो आता. त्याऐवजी तो तिथेच जमिनीवर बसला, आणि रडू लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा, नाक गळत. चुलती पुढे झाली, पोरींसमोर असं करू नये म्हणून. मी तिला हाताने अडवलं. धाकटी त्याच्याजवळ गेली आणि ओच्याने त्याचं नाक पुसायला लागली. थोरली तिचं पुसायची तसं.

मग तो उठला आणि दोघींचे हात धरून सीताफळांकडे गेला. मी थोड्या अंतराने गेले. जागा नुसती सपाट होती, चार दगड ठेवलेले. त्याने सांगितलं. त्याला बोलता येत नव्हतं, तरी सांगितलं. मायला ताप आला, तिचा श्वास लागला, सकाळी बंद झाला. मेलेलं माणूस परत येत नाही. त्याने खड्डा कसा खणला, तिला कोणतं लुगडं होतं, सगळं. धाकटीने विचारलं की तिथे तिला अंधाराचं भ्या वाटत नाही का. तो म्हणाला, मेल्यावर भ्या वाटत नाही. तिने विचारलं भूक लागते का. तो म्हणाला, नाही. तिने विचारलं, मग माझ्या भाकऱ्या. त्याला हे भाकरीचं प्रकरण ठाऊकच नव्हतं, तो मोटेवर होता ना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, भाकऱ्या गाईने खाल्ल्या. त्यावर धाकटी खूप रडली. मेलेल्या मायपेक्षा त्या वेळी ती भाकऱ्यांसाठी रडत होती, असंच कुणालाही वाटलं असतं.

इथे सगळं ठीक झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं ते उलटच. धाकटी पुढचे कित्येक दिवस जे हाती येईल ते पुरत होती. वांगी पुरली, चिंध्यांची बाहुली पुरली, माझी फणी पुरली. दगड ठेवायची आणि बापाने सांगितलं होतं तसंच सगळं त्या वांग्याला सांगायची. बाया बघून तोंडात बोटं घालायच्या. थोरली तर पार बिघडली. अंगण झाडायला नाही म्हणाली. अंथरूण ओलं करायला लागली. चुलतीने हात लावला की किंचाळायची. एकदा तिने कालवणाचं भांडं भिंतीवर फेकलं. चुलती मला म्हणाली, बघ, सांगून काय मिळवलं, सोन्यासारखी पोर नासली.

मी त्या वेळी फार चिडले. आज म्हातारपणीही चिडते. पोर आतून जळत होती तेव्हा तिला डोक्यावर घेतलं, आणि तिला रडता यायला लागलं तेव्हा ती नासली म्हणाले. मी थोरलीला काही शिकवायला गेले नाही. मला काही येतच नव्हतं. मी एवढंच केलं की भांडं फुटलं तर झाडून घेतलं, अंथरूण ओलं झालं तर न बोलता वाळत घातलं, आणि तिला विळा-झाडूला हात लावू दिला नाही. दुपारी मी तिला मांडीवर घ्यायची. ती मांडीत मावत नव्हती, पाय बाहेर लोंबायचे. एक दिवस ती म्हणाली, “आत्या, म्या पाह्यलं तवा हाक माराले पाह्यजे होती काय? मारली असती तं बा थांबला असता काय?” तिला वाटत होतं की माय खड्ड्यात जागी झाली असती. मी तिला नाही म्हणून सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. धाकटीच्या प्रश्नाला कंटाळणारी मी या प्रश्नाला कंटाळले नाही, आणि तो तिने पावसाळाभर विचारला.

चुलतीचं एक राहिलं. अंगणातल्या त्या दिवसानंतर एका सकाळी आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. मी तिच्याशी बोलत नव्हते. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, “माह्ये दोघं पिलेगात गेले. सकाळी एक, दुपारी एक. पोटात तिसरं होतं. सासू म्हने, रडली तं पोटातलं जाईन. मी नाई रडली. थे बी गेलं.”

मला हे माहीत नव्हतं. घरात कुणीच कधी बोललं नव्हतं. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही. तुला एवढं सोसावं लागलं तर तूच या पोरींना रडू नको कसं म्हणालीस, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी शेंगा सोलत राहिले, आणि तिच्या सुपातल्या थोड्या माझ्या सुपात ओढून घेतल्या. त्यानंतर तिने धाकटीच्या पुरण्याला नावं ठेवणं बंद केलं. एकदा तर तिने पुरायला एक जुनं मडकं दिलेलं मी पाहिलं.

पावसाळ्यानंतर मी शेलूबाजारला गेले. सासूने दोन दिवस तोंड फुगवलं, मग कामाला लावलं. भावाचं दुसरं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं. तेव्हा मी माहेरी गेले होते. एक गोष्ट मात्र त्याने बरी केली. स्थळ पक्कं व्हायच्या आधी पोरींना विहिरीच्या काठावर बसवून स्वतः सांगितलं की घरात एक बाई येणार, ती तुमची माय नाही, पण तिला ताटात वाढायचं आणि तिच्याशी वाईट बोलायचं नाही. थोरलीने विचारलं, तिलाही ताप आला तर? तो म्हणाला, येऊ शकतो. आला तर तुम्हाला सांगीन.

नवी बाई माझ्याच वयाची होती, काळीसावळी, थोडी धसमुसळी, भाकरी जाड करायची. चुलतीने पहिल्याच दिवशी पोरींना तिच्यापुढे ढकललं आणि म्हणाली, माय म्हणा. दोघींनी तोंडं घट्ट मिटली. चुलतीचा हात वर गेला. मी उठणारच होते, पण ती बाईच म्हणाली, “राहू द्या. मले काईबी म्हना, पन हाक मारा. मले इथं कोनी ओळखत नाई.”

धाकटीने विचार केला आणि म्हणाली, “नवी म्हनू?”

ती नवी म्हणाली, चालते. पाहुणे हसले, कुणीतरी म्हणालं की हे काय भलतंच. पण तेच राहिलं. पोरी मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, नवीला स्वतःची तीन मुलं झाली, ती थकली, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. आजही मळ्यात गेलं की नातवंडं ओरडतात, नवी कुठी गेली, नवीले बोलवा. आणि ती म्हातारी काठी टेकत गोठ्याच्या मागून येते.